पायांवरच्या उंच वाफ्यात हिवाळी भाज्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर किंवा बाल्कनीत कमरेएवढ्या उंचीचा वाफा उभा करून त्यात पावसाळ्यानंतरच्या भाज्या घेणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढते आहे आणि त्यांना पडणारे प्रश्नही बरेचसे सारखेच असतात. पुढील उत्तरे पुण्यातील एका गच्चीवर १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल अशा वाफ्यात घेतलेल्या सात हिवाळ्यांच्या अनुभवावर आधारलेली आहेत. वाफ्याचे माप वेगळे असल्यास आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

उंच वाफा आणि कुंडी यांत नेमका फरक काय?

वाफ्यात मुळांना सलग जागा मिळते. दहा कुंड्यांत मिळून जेवढी माती मावते तेवढीच वाफ्यातही मावत असली, तरी कुंडीतील मूळ वाढता वाढता भिंतीला लागून गोल फिरू लागते आणि वाफ्यातील मूळ मोकळे पसरते. शिवाय पेरलेली मेथी किंवा पालक ओळीने घेता येतो, जे कुंडीत नीट साधत नाही. माझ्या घरी मात्र वाफा उंच करण्याचे खरे कारण आईचे गुडघे हे होते. खाली बसून खुरपणी करणे तिला अशक्य झाले होते. ७५ ते ८० सेंमी उंचीच्या वाफ्याशी ती खुर्ची ओढून बसते आणि दोन्ही हातांनी विरळणी करते. ज्येष्ठ मंडळींसाठी वाफा करायचा असेल तर रुंदी ६० सेंमीपेक्षा अधिक ठेवू नये, कारण एका बाजूने वाकून हात पोचणे त्यापुढे कठीण होते.

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. जमिनीतील वाफ्याला खालून ओल मिळते आणि त्याचे तापमान सावकाश बदलते. पाय लावलेल्या वाफ्याला वरून, खालून आणि चारही बाजूंनी हवा लागते. तो लवकर तापतो, लवकर गार होतो आणि लवकर वाळतो. पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे या एका वस्तुस्थितीतून निघतात.

पेरणीला सुरुवात केव्हा करावी?

महाराष्ट्राच्या बहुतेक भागातून मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ऑक्टोबरची काहिली असते आणि नोव्हेंबरात रात्री गार होऊ लागतात. त्यामुळे दसरा ते दिवाळी हा ढोबळ हंगाम धरावा, परंतु सण तिथीनुसार मागेपुढे होत असल्याने नजर पावसावर आणि रात्रीच्या गारव्यावर ठेवावी. चित्रा नक्षत्रात, म्हणजे १० ते २३ ऑक्टोबरच्या सुमारास, मुळा, गाजर, बीट आणि वाटाणा पेरावा. त्यानंतरच्या स्वाती नक्षत्रात पालक, कोथिंबीर, लसूण. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण कोरडवाहू ज्वारीच्या शेतकऱ्याची आहे. गच्चीवरच्या कोवळ्या गाजराच्या रोपांवर मात्र स्वातीची जोरदार सर आली की ती आडवी होतात, म्हणून परतीच्या पावसाचा अंदाज असेल तेव्हा वाफ्यावर शेडनेटचा तुकडा बांधण्याची सोय आधीच करून ठेवावी.

मी स्वतः उलटा हिशेब करते. मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी असते आणि तिच्यात गाजर, वाटाणा किंवा पावटा, ओला हरभरा, घेवडा, वांगे असे सगळे लागते. गाजराला ८५ ते ९० दिवस लागतात, म्हणजे ते १५ ऑक्टोबरच्या आत जमिनीत पडलेले असले पाहिजे. ओल्या हरभऱ्याच्या घाट्यांनाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. वाटाण्याची पहिली तोडणी ६५ ते ७५ दिवसांत येते, तो ऑक्टोबरअखेर पेरला तरी चालतो. एका वाफ्यातून भोगीची संपूर्ण भाजी निघत नाही. वांगी आणि बोरे मंडईतून आणावीच लागतात. तरीही गाजर, वाटाणा आणि हरभऱ्याची मूठभर सोलाणी घरची असतात.

भरलेल्या वाफ्याचे वजन गच्ची पेलू शकेल का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि बहुतेक जण तो सर्वांत शेवटी विचारतात. वर दिलेल्या मापाच्या वाफ्यात २१६ लिटर माती बसते. बागेतील ओली माती लिटरला दीड किलोहून अधिक भरते, म्हणजे केवळ मातीचेच वजन सव्वातीनशे किलोच्या पुढे जाते आणि ते पाऊण चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर पडते. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला चल भार (म्हणजे माणसे, सामान यांचा बदलता भार) चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. हा भार संपूर्ण स्लॅबवर पसरलेला धरतात हे खरे असले, तरी जड मातीचे तीन-चार वाफे स्लॅबच्या मध्यभागी मांडणे हे सरळसरळ धोक्याचे आहे.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, वाफा तुळईच्या रेषेत किंवा कॉलमजवळ, कठड्याच्या कडेने ठेवावा. दुसरा, मातीऐवजी हलके मिश्रण वापरावे, म्हणजे वजन जवळपास निम्म्यावर येते. तिसरा, एकाहून अधिक वाफे करायचे असल्यास किंवा इमारत जुनी असल्यास संरचना अभियंत्याकडून गच्ची तपासून घ्यावी. त्याला पर्याय नाही. वाफ्याच्या प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. तसे न केल्यास पायाचे टोक कोब्यात रुतते, तिथे बारीक चीर पडते आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या घराचे छत ओले होते.

वाफा कशाचा करावा?

लोखंडी अँगलचा स्टँड फॅब्रिकेटरकडून करून घेऊन त्यावर लाकडी किंवा पत्र्याची पेटी बसवणे सर्वांत टिकाऊ ठरते. सागवानी फळ्या महाग असल्या तरी वर्षानुवर्षे टिकतात. प्लायवूड मात्र दोन पावसाळ्यांत फुगून सुटते. भंगारातून मिळणाऱ्या पॅलेटच्या फळ्या घेताना त्यांवरील शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड, ते चालते, ‘एमबी’ असेल तर त्यावर विषारी धुरी दिलेली असते, ते भाजीसाठी कधीही वापरू नये. निळे २०० लिटरचे पिंप उभे चिरून त्याचे दोन अर्धे स्टँडवर ठेवले तरी उत्तम वाफा होतो, मात्र त्यात पूर्वी काय भरलेले होते याची खात्री करून घ्यावी.

पहिल्या वर्षी मी केवळ स्वस्त पडते म्हणून पेटी पूर्ण लाल मातीने भरली होती. परतीचा पाऊस दोन दिवस लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तळाची फळी दोन बोटे खाली झुकलेली दिसली. आम्ही चौघांनी मिळून ती माती घमेल्याघमेल्याने उपसली, तेव्हा कुठे वाफा वाचला. तेव्हापासून तळाखाली दर ३० सेंमीवर आडवी लोखंडी पट्टी असल्याशिवाय मी कोणालाही वाफा भरू देत नाही.

मातीचे मिश्रण कसे असावे?

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), दोन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग पोयट्याची किंवा लाल माती हे प्रमाण मला लागू पडले आहे. वरील वाफ्यासाठी त्यात अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. ५ किलोची कोकोपीटची वीट भिजल्यावर ७० लिटरच्या आसपास फुगते, त्यावरून किती विटा लागतील याचा अंदाज येतो. कोकोपीटमध्ये क्षार असण्याची शक्यता असते, म्हणून ते एकदा भिजवून, पाणी काढून टाकून, पुन्हा भिजवून वापरावे. काळी माती वाफ्यात घालू नये. ओली असताना ती चिकट गोळा होते आणि वाळली की भेगाळते, त्या भेगांतून दिलेले पाणी थेट तळाशी निघून जाते.

पालापाचोळा मिळत असेल तर तो जरूर वापरावा. कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी थोड्या जागेत, उपलब्ध काडीकचऱ्यातून सुपीक माती घडवण्याचा विचार मांडला आणि लोकांकडून करवून घेतला. शहरातील गच्चीबागेवर त्या विचाराचा मोठा प्रभाव आहे. मी उन्हाळ्यात वाफा पाचोळ्याने आणि स्वयंपाकघरातील हिरव्या कचऱ्याने भरून झाकून ठेवते, अधूनमधून ताकाचे पाणी शिंपडते आणि नवरात्रापर्यंत त्याची काळसर, भुसभुशीत, पावसाचा वास असलेली माती झालेली असते. मुठीत दाबल्यावर तिचा लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटला पाहिजे. लाडू फुटत नसेल तर पाचोळा वाढवावा, वळतच नसेल तर गांडूळखत वाढवावे.

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी भरावी का?

भरू नये. हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मिश्रणातून पाणी खाली येते आणि खडीच्या थरावर येऊन थबकते, कारण वरचे मिश्रण पूर्ण भिजल्याशिवाय ते मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. परिणामी ओलाव्याचा दलदलीचा पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो, वजन वाढते आणि ३० सेंमी खोलीतील ५ ते ७ सेंमी फुकट जातात. त्याऐवजी तळाला दर १५ सेंमीवर बोटाएवढी भोके पाडावीत आणि त्यांवर नारळाच्या शेंड्यांचा पातळ थर अंथरावा, म्हणजे माती वाहून जात नाही. खाली ट्रे ठेवून गळणारे पाणी पुन्हा वाफ्यातच घालावे. त्यात खताचा अंश असतो.

हिवाळ्यात ऊन कमी पडते का?

सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे सावल्या लांबतात. पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. त्या वेळी एक मीटर उंचीच्या दक्षिणेकडील कठड्याची सावली जवळजवळ ९० सेंमी आत येते. जमिनीवर ठेवलेल्या कुंड्या त्या सावलीत बुडतात, तर ७५ सेंमी उंचीच्या वाफ्याचा पृष्ठभाग तिच्यातून बराचसा वर राहतो. उंच वाफ्याचा हा फायदा फारसा कोणी सांगत नाही. पालेभाज्यांना चार तास थेट ऊन पुरते, मुळे आणि शेंगा धरणाऱ्या पिकांना सहा तास लागतात. वाटाण्याचा वेल उत्तरेच्या कडेला चढवावा, म्हणजे बाकीच्यांवर त्याची सावली पडत नाही.

कोणत्या भाज्या घ्याव्यात आणि कोणत्या टाळाव्यात?

मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, बीट, गाजर, नवलकोल, वाटाणा, हरभरा, कांद्याची पात आणि लसणाची पात या सगळ्या ३० सेंमी खोलीत समाधानाने येतात. केवळ पालेभाज्या घ्यायच्या असतील तर २० सेंमी खोलीही पुरते.

कोबी आणि फ्लॉवर यांच्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. दोन रोपांत ४० ते ४५ सेंमी अंतर लागत असल्याने एवढ्या वाफ्यात जेमतेम सहा गड्डे बसतात आणि ते तीन महिने संपूर्ण जागा अडवतात. त्याच जागेत २० सेंमी अंतराने नवलकोलाची पंधराहून अधिक रोपे बसतात, ५० ते ६० दिवसांत गड्डा तयार होतो आणि कोवळ्या पानांची भाजीही होते. हरभऱ्याचे दाणे मोजकेच मिळतात, परंतु रोप वीतभर झाले की त्याचे शेंडे खुडावेत. त्या आंबूस पानांची, ज्वारीच्या पिठाचा हात लावून केलेली भाजी बाजारात तेवढी ताजी कधीच मिळत नाही.

धणे पेरूनही कोथिंबीर उगवत नाही, असे का होते?

धण्याच्या एका गोल फळात दोन बिया असतात. अख्खा धणा पेरल्यास पाणी आत शिरायला वेळ लागतो. धणे जाड कापडावर पसरून वाटीच्या बुडाने हलके रगडावेत. कट्‌ असा बारीक आवाज येऊन धणा दोन अर्धगोलांत सुटला की थांबावे, अधिक दाबल्यास बी ठेचले जाते. हे अर्धे रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्या खोलीवर ओळीत पेरावेत. तरीही उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. मेथीसारखी ती चौथ्या दिवशी वर येत नाही, हे ठाऊक नसल्याने बरेच जण आठवड्यातच वाफा उकरून टाकतात. किराणा दुकानातील धणे जुने असल्यास उगवण कमी होते, म्हणून दहा-वीस धणे ओल्या फडक्यात बांधून आधी पाहावेत. आणखी एक कारण मुंग्या हे आहे. त्या बी उचलून नेतात. स्टँडचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले की हा त्रास संपतो. ते पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, म्हणजे डास होत नाहीत.

गाजराला फाटे का फुटतात?

ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेणखत, मातीतील खडा आणि रोप उपटून दुसरीकडे लावणे ही तीन कारणे आहेत. गाजराचे बी जागेवरच पेरावे. उगवण ७ ते १४ दिवस चालते आणि तेवढा काळ वरची माती एकदाही सुकून चालत नाही, म्हणून पेरणीनंतर ओले गोणपाट अंथरावे आणि पहिला हिरवा अंकुर दिसताच ते काढावे. रोपे दोन इंचांची झाली की ५ ते ६ सेंमी अंतरावर एक ठेवून बाकीची काढावीत. ही विरळणी जिवावर येते, पण न केल्यास गाजरे बोरूएवढी बारीक राहतात. मुळाचा माथा उघडा पडून हिरवा होऊ लागल्यास त्याला मातीची भर द्यावी.

मुळ्याला पाला भरपूर आहे, पण मुळा धरतच नाही.

नत्र (पाला वाढवणारे नायट्रोजन) जास्त झाले आहे किंवा रोपे दाट आहेत. खत म्हणून पेंड भिजवलेले पाणी देत असल्यास ते थांबवावे आणि विरळणी करावी. काढलेल्या रोपांचा घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर, करावा.

फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढाच का राहिला?

वाण हंगामाशी जुळला नाही, रोप नर्सरीत पाच-सहा आठवड्यांहून अधिक काळ अडकून पडले किंवा सुरुवातीलाच नत्राची उपासमार झाली, तर पानांची वाढ पूर्ण होण्यापूर्वीच गड्डा धरतो. चार ते पाच पानांचे, ठेंगणे, ताजे रोपच घ्यावे आणि रोपवाटिकेत वाणाचे नाव व हंगाम विचारून घ्यावा.

पाणी किती आणि कसे द्यावे?

डिसेंबरात पुण्याच्या हवेत वरील वाफ्याला दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी लागते. ऑक्टोबरच्या उन्हात ते ५ लिटरवर जाते. आकड्यापेक्षा हात अधिक खरे सांगतो. ऑक्टोबरातील एखाद्या दुपारी तीन वाजता वाफ्याच्या पश्चिमेकडील फळीवर तळहात ठेवून पाहावा, ती भाजते. मग त्याच फळीच्या आतल्या अंगाला मातीत बोट घालावे. कडेची दोन बोटे रुंदीची माती पिठासारखी कोरडी लागते आणि वीतभर आत मध्यावर मात्र ओल असते. पाणी देताना आपण मध्यावर ओततो आणि रोपे सुकतात ती कडेची. म्हणून पाणी नेहमी कडेने सुरू करून आत यावे, सकाळी द्यावे आणि झारीने द्यावे.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती अवस्था, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही आणि हवाही खेळते आहे, ती वाफ्यात टिकवायची आहे. उसाची चिपाडे, सुका पाचोळा किंवा भाताचा पेंढा यांचे ३ ते ४ सेंमी आच्छादन घातले की पाण्याची गरज लक्षात येण्याइतकी कमी होते. पश्चिमेकडील फळीला बाहेरून गोणपाट टांगले तरी मोठा फरक पडतो.

मावा आणि अळ्या यांवर घरगुती उपाय कोणता?

ढगाळ हवा पडली की मावा येतोच. पहिल्या दिवशी, तो दोन-चार पानांवरच असताना, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पान उलटे करून धुवावे. वाढल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबणचुरा मिसळून सायंकाळी फवारावा. कोबीवर्गीय पिकांच्या कडेला मोहरीची ओळ पेरावी. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी मोहरीकडे जातो आणि तिथेच त्याचा बंदोबस्त करता येतो. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्यास ती नागअळी आहे, ते पान तोडून नष्ट करावे. वाटाण्यावरची भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारा बुरशीचा रोग) दाट लागवडीत अधिक येते, म्हणून हवा खेळती ठेवणे हाच पहिला उपाय होय.

कबुतरे रोपे उपटतात. काय करावे?

जाळी हा एकच भरवशाचा उपाय आहे. वाफ्याच्या चार कोपऱ्यांत काठ्या रोवून त्यांवर बारीक जाळी ताणावी आणि रोपे वीतभर झाली की काढावी. चकचकीत फिती आणि जुन्या सीडी यांना कबुतरे आठवडाभरात सरावतात.

मुंबई आणि कोकणात हेच वेळापत्रक चालेल का?

पंधरा दिवस ते तीन आठवडे पुढे ढकलावे. किनारपट्टीवर रात्री उशिरा गार होतात आणि दमटपणा राहतो, त्यामुळे गाजर आणि वाटाणा पुण्याइतके चांगले येत नाहीत. त्याऐवजी लाल माठ, मुळा, वाल आणि पालक यांवर भर द्यावा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे हा वाफा कसा वापरावा?

तिथे पहिले हिमतुषार ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येऊ लागतात, म्हणून पेरणी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी. मेथी २५ ते ३० दिवसांत निघते, ती हिमापूर्वी दोनदा होते. पालक, मुळा आणि नवलकोल हलका गारठा सोसतात. उंच वाफ्यातील माती चारही बाजूंनी गारठत असल्याने ती जमिनीआधी गोठते, हे ध्यानात ठेवून पांढरे संरक्षक कापड हाताशी ठेवावे. ऑक्टोबरात लसणाच्या पाकळ्या लावून जाड आच्छादन घातल्यास पुढल्या जुलैत गड्डे निघतात.

हंगाम संपल्यावर वाफ्याचे काय करावे?

फेब्रुवारीअखेर ऊन वाढले की पालक आणि कोथिंबीर फुलावर येतात. दोन-तीन जोमदार झाडे बियांसाठी राखून बाकीची काढावीत. वाटाणा, मेथी आणि हरभरा मुळासकट उपटू नये. जमिनीलगत कापावे, म्हणजे मुळांवरच्या गाठींतील नत्र मातीतच राहते. एव्हाना मिश्रण ५ ते ७ सेंमी खाली बसलेले असते. ती जागा पाचोळ्याने भरावी, गोणपाटाने झाकावी आणि आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडत राहावे. राखलेल्या कोथिंबिरीचे धणे मार्चमध्ये तपकिरी होऊ लागतात, तेव्हा ते दांड्यासकट कापून कागदी पिशवीत उलटे टांगावेत आणि पिशवीवर तारीख लिहून ठेवावी.